नोंदीचं पाकीट

३ नोव्हेंबर

१. चोवीस ससे. कवटीच्या हाडात भोक, त्यात हाडाचे कण भरलेले. अर्ध्यांत बारीक, अर्ध्यांत मोठे.
२. कोणत्या गटात काय, हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून लॅबमधल्या वेणूबाईंनी गटांना 'क' आणि 'ख' अशा चिठ्ठ्या लावल्या. नोंद पाकिटात बंद.
३. दोन आठवड्यांत हाडात किती नव्या रक्तवाहिन्या आल्या, ते मी मोजलं. अकरा आठवडे, मायक्रोस्कोपखाली.
४. माझ्यासोबत संशोधन करणाऱ्या नरेंद्रने ते आकडे आमच्या मार्गदर्शक सरांना दिले. स्वतःचे म्हणून.

"तू फक्त मोजलंस ना? डोकं माझं होतं," — नरेंद्र, कँटीनमध्ये, माझ्याच समोशाला हात घालत.

६ नोव्हेंबर

पाकीट माझ्या कपाटात आहे. नरेंद्रने सरांना सांगितलंय, नोंद आपल्याकडे आहे. माझ्याकडे मागायचं किंवा वेणूबाईंना विचारायचं, तर मोजणी कुणाची तेही निघेल. म्हणून तो सरळ धरून चाललाय — 'क' म्हणजे बारीक.

आज उघडलं. 'क' म्हणजे मोठे!

'क'मध्ये वाहिन्या जवळपास दुप्पट. मोठ्या कणांमध्ये फट राहते, वाहिनी तिथून शिरते. बारीक कण दाबून बसतात. त्याचा निष्कर्ष बरोबर उलटा.

पाकीट पुन्हा कपाटात ठेवलं.

८ नोव्हेंबर

२२ तारखेला अंबरनाथला परिषद. नरेंद्र तिथे निष्कर्ष मांडून झाला की मी उठणार, पाकीट दाखवणार. वाक्य पाठ केलंय.

"काय पुटपुटतेस?" आईने विचारलं.
"परीक्षा आहे."
"कुणाची?"

१४ नोव्हेंबर

वेणूबाई बीकर धुता धुता म्हणाल्या, "वीस तारखेला माझ्या जबड्यातपण तेच भरणार. उल्हासनगरला, सरांच्या दवाखान्यात."

"कुठले कण?"

"बारीक. नरेंद्रने मोजलंय म्हणे. मी मनात हसले. खुर्चीवर वाकून कोण बसायचं, ते मी बघितलंय ना. तू मोजलंस म्हणून हो बोलले, पोरी. नाहीतर मी कशाला तोंड उघडतेय त्यांच्यापुढे?"

त्यांना मधुमेह आहे. साधं खरचटलेलंही महिनाभर भरत नाही.

१५ नोव्हेंबर

वीस आणि बावीस. दोन दिवस मागेपुढे असते तर?

पाकीट आता दिलं तर नरेंद्र आलेख दुरुस्त करील. परिषदेत बरोबर ठरेल, माझ्याच आकड्यांवर. टाळ्या घेईल. माझं वाक्य तोंडातच राहील.

त्याला पडताना बघायचं होतं. अजूनही आहे.

१७ नोव्हेंबर

पाकीट आणि पत्र सरांच्या टेबलावर ठेवलं. पत्राचा मजकूर इथे उतरवते.

"नोंदीचं पाकीट सोबत आहे. 'क' म्हणजे मोठे कण. वेणूबाईंसाठी बारीक कण वापरू नयेत. मोजणी मी केली आहे. वहीची पानं जोडली आहेत. बुधवार, १९ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचपर्यंत लेखी उत्तर द्यावे. — स्वप्नाली"