लाल कोटाला थांबणारी एसटी

सगुणाचे बाबा,

तुमी आन् आत्याबाईंनी भुश्यात दडवलेला बँडवाल्याचा लाल कोट मला घावला. जुन्या बाजारातनं मीच हौसेनं आणलाय. हिरव्या लुगड्यावर घालून, डोईला पिवळा रुमाल बांधून निघाले.

गाव हसंना का. आपल्या फाट्यावर एसटी थांबत न्हाई, म्हनून पौडचा शिवणवर्ग दोनदा बुडला. आज बुडला तर नाव काढणार हायेत. परवा डायवरला ह्यो कोट लाल बावटा वाटला, आन् त्यानं करकचून ब्रेक दाबला.

भाकरी शिंक्यात हाय. आत्याबाईबी पौडला येतायत. माज्यामागंच उभ्या ऱ्हाणार हायेत, पन एसटीत ओळख दाखवू नगं म्हनाल्यात.

गोजरा