वर आणलं म्हणून माफी

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. मी धडधाकट आहे, एवढंच आईला वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं ठेव.

काल एका पर्यटकाला स्कूबासाठी समुद्रात खाली नेलं होतं. तळाशी तो एकाएकी घाबरला, तोंडातली हवेची नळी काढून टाकली आणि वर पळायला लागला. श्वास कोंडून असं झपकन वर गेलं तर फुफ्फुस फाटतं. मी त्याला पट्ट्याला धरलं, माझी जादाची नळी त्याच्या तोंडात कोंबली आणि हळूहळू वर आणलं. त्यानं लाथा झाडल्या त्या वेगळ्याच.

बोटीवर येताच म्हणाला, "हिनं मला पाण्यात दाबून धरलं." मालक मला म्हणाले, "गिऱ्हाईक आहे, माफी माग आणि विषय संपव." मागितली, ताई. तेव्हापासून घास गोड लागत नाहीये.

बाबांचा गुडघा कसा आहे? फोनवर जरा मोठ्यानं बोल, डाव्या कानाला अजून दडा बसलाय.

आईनं विचारलं तर सांग, रंगीत मासे पाहिले म्हणून. खोटं नाही ते. त्याला धरून वर येत होते तेव्हा भोवती मासेच मासे होते. बघायला सवड तेवढी नव्हती.

तुझीच,
धाकटी