सतरा रेघा मागे

तीर्थरूप आत्यास,

भाच्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे फार वाकलो नाही. तेवढं सांभाळून घे.)

तुझे गुडघे काय म्हणतात? मागच्या पत्रात लिहिलं होतंस की डावा बरा झाला आणि आता उजवा रुसला आहे. त्याला तेल चोळत जा, आणि विसरलेली वस्तू आणायला पुन्हा जिना चढत जाऊ नकोस. त्या वस्तूवाचून कुणाचं काही अडत नाही. इकडे आम्ही दोघं ठीक. तुझी भाचेसून नमस्कार सांगते आणि विचारते की तिने विणून पाठवलेले मोजे सैल होतात का. (होतात म्हणून कळव. मलाही होतात, पण मी सांगितलेलं धरत नाहीत.)

पत्राला उशीर झाला, कारण जे लिहायचं ते कसं लिहावं कळत नव्हतं. फोनवर सांगितलं असतं, पण तू अर्ध्यात ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतेस. काका गेल्यावर त्यांची आठवण म्हणून तू टेम्पोतून पाठवलेलं यंत्र तीन महिन्यांपूर्वी पोचलं. जुन्या घोंगडीत गुंडाळलेलं होतं आणि सुतळीला इतक्या गाठी मारल्या होत्या की आतलं काही बाहेर येऊ नये म्हणूनच कुणीतरी बांधलं असावं. सोडवायला मला अख्खी सकाळ लागली. त्याला आमच्या सुऱ्या बनवायच्या धंद्यात सरफेस ग्राइंडिंगचं अटॅचमेंट म्हणतात. काका कामाबद्दल घरात अवाक्षर काढत नसत, तेव्हा ते काय असतं हे मीच सांगतो. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत माझा बेल्ट ग्राइंडर आहे. त्याच्यावर एक खरखरीत पट्टा गरागरा फिरतो आणि त्याला टेकवलेलं पोलाद घासलं जातं. सुरीचं पातं भट्टीतून निघालं की थोडं वाकतं आणि त्याच्यावर काळा पापुद्रा धरतो. ते दोन्हीकडून सपाट करावं लागतं, आणि आजवर मी ते बोटांनी दाबून धरून करायचो. त्यात पात्याबरोबर बोटंही सपाट व्हायची. मागे एका कचेरीत अंगठा लावायला गेलो, तर तिथल्या यंत्राने मला माणूस मानायचं नाकारलं. खिडकीपलीकडच्या बाईंनी दहाही बोटं लावून पाहिली आणि शेवटी माझ्याकडे बारकाईने बघत विचारलं, “तुम्ही नक्की आहात ना?” मी आहे म्हणालो, पण पुरावा काही देता आला नाही. त्या दिवशी भाचेसुनेने निर्वाणीचं सांगितलं की या घरात एक तर बोटं राहतील, नाही तर सुऱ्या.

तेवढ्यात तुझं पार्सल आलं. ग्राइंडरसमोर बसवायची एक छोटी गाडी, तिच्यावर लोहचुंबकाची पाटी. पातं पाटीला चिकटवायचं, दांडा धरून गाडी पट्ट्यासमोर वर-खाली सरकवायची आणि गोल डायल फिरवत पातं एकेक रेघ पुढे न्यायचं. एक रेघ केसाहूनही कितीतरी बारीक. बोटं वीतभर लांब राहतात. आत्या, मला खरंच गहिवरून आलं. धंदा वाचला होता.

पहिल्या दिवशी डायल शून्यावर लावली, चहाला घरात गेलो, परत येऊन बघतो तर डायल सतरा रेघा मागे. हादऱ्याने सरकली असेल म्हटलं. मग लक्षात आलं की मोटर अजून सुरूच केली नव्हती. दुसऱ्या दिवशी खडूने खूण केली, नटाखाली कागदाची घडी घातली. परत आलो तर सतरा. सोळा नाही, अठरा नाही. मी हट्टाला पेटलो. चार दिवस मी ती पुढे करायचो आणि पाठ वळली की ती मागे जायची. (असा संवाद माझा यापूर्वी फक्त थोरल्या भावाशी झाला आहे, खिडकी उघडी ठेवावी की बंद यावरून.) पाचव्या दिवशी कंटाळून सतरावरूनच सुरुवात केली. पातं काढून काचेवर ठेवलं, मागून विजेरी धरली, तर खालून उजेडाची एक तिरीप येईना. इतकं सपाट काम माझ्या हातून जन्मात झालं नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हाही झालं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात स्टुलाने डोकं वर काढलं. सकाळी नऊला कुलूप काढून आत जावं, स्टुलावर बसावं, तर बैठक कोमट. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. खोलीला एकच खिडकी, ती उत्तरेला, उन्हाचं कारण नाही. मी तीन दिवस कुणाला बोललो नाही आणि उभ्याने काम केलं. (कंबर तेव्हाच धरली.) शेवटी भाचेसुनेला बोलावलं. तिने स्टुलावर तळवा ठेवला, तव्याचा अंदाज घेतात तसा थोडा वेळ धरला, आणि म्हणाली, “काकाच असणार. दुसरं कोण येतंय तुमच्याकडे?”

हे मला पटलं. यंत्र काकांचं, आयुष्यभराची सवय, माणूस एकदम कसा सोडेल? भीती गेली असं नाही, पण नात्यातल्या माणसाची भीती बाळगणं बरं दिसत नाही. त्या दिवसापासून मी दार उघडण्याआधी “काका, येऊ का?” असं विचारायला लागलो. उत्तर कधी आलं नाही. पण तू जाणतेसच, काका जिवंतपणीही उत्तराला सवडीनेच यायचे.

आता खरी गोष्ट. तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारी भर दुपारी मी घाईत होतो. एका आचाऱ्याची लांब, पातळ सुरी संध्याकाळपर्यंत द्यायची होती. दुसऱ्या दिवशी तो नव्या नोकरीवर रुजू होणार होता. डायल पुढे केली, पाणी प्यायला वळलो, ती सतरा रेघा मागे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. माझं डोकं फिरलं. पाना घेतला, डायलचा नट करकचून आवळला आणि म्हटलं, काका, आजच्या दिवस माझं चालू द्या. स्टुलावर बसून गाडी रेटली. पट्टा किंचाळायला लागला, ठिणग्यांचा झोत पायापर्यंत आला, पात्याची कड निळी पडत चालली. थांबायला हवं हे कळत होतं, पण घाईला कळून काय उपयोग? तेवढ्यात माझ्या डाव्या कानाशी, अगदी जवळून, कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, “सरका जरा.”

(काकांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. पण गेल्यावर माणूस थोडा औपचारिक होत असेल, असं मी मागाहून स्वतःला समजावलं.)

मोठ्यांनी सरका म्हटलं तर का म्हणून विचारायची आपल्या घरात पद्धत नाही. मी दांडा सोडून उठलो आणि बाजूला झालो. त्याच क्षणी पातं पाटीवरून सुटलं, जमिनीवर आपटलं, उसळलं आणि स्टुलाच्या बैठकीतून आरपार गेलं. चार बोटं वर बाहेर निघालं होतं. मी मोटर बंद केली. पट्टा हळूहळू थांबला. त्या शांततेत पान्याने आवळलेली ती डायल आपोआप फिरायला लागली. टिक, टिक, सावकाश. मी भिंतीला टेकून मोजत होतो. कुठे थांबणार हे मला माहीत होतं, तरीही मोजत होतो.

भाचेसून आवाज ऐकून धावत आली. तिने स्टूल पाहिलं, मला पाहिलं, बाजारात दुधी दाबून बघतात तसं मला खांद्यापासून गुडघ्यापर्यंत चाचपलं आणि आत गेली. आतला नळ बराच वेळ वाहत होता. मग ती डोळे पुसून बाहेर आली, तीन कप चहा घेऊन. एक तिने ग्राइंडरपाशी ठेवला.

आचाऱ्याची सुरी मी शुक्रवारी नवीन पात्याची करून दिली, सतरावरून. त्याने ती उजेडात धरली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “ही नक्की तुम्हीच केली?” आम्ही दोघांनी, असं मी सांगितलं. त्याला वाटलं मी बायकोबद्दल बोलतोय, आणि तो तिचे आभार मानून गेला.

तर आत्या, काका इथे सुखरूप आहेत. कामात लक्ष आहे, माझ्यावर लक्ष आहे. त्यांची काळजी नसावी.

तुझा,
दहाही बोटं शाबूत असलेला भाचा

ता.क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात तुझ्या लेकीचा, म्हणजे आमच्या ताईचा फोन आला. मी मोठ्या कौतुकाने तिला सगळं सांगितलं. डायलचा भाग तिने मला दोनदा सांगायला लावला. मग म्हणाली, “अरे, बाबांनी ते कधी वापरलंच नाही.” एक हत्यारं बनवणारा कारागीर वारला, त्याच्या बंद पडलेल्या कारखान्यातून काकांनी ते आणलं, एक सकाळ बसवलं आणि जेवायच्या आधी घोंगडीत बांधून माळ्यावर टाकलं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तुला हे सगळं ठाऊक होतं, असंही ताई म्हणाली. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

ता.क. २. काका मग कुठे आहेत, हे मी आता सांगू शकत नाही. मी यंत्र गुरुवारच्या टेम्पोने तुझ्याकडे परत पाठवायला निघालो होतो, पण भाचेसून दारात आडवी उभी राहिली. ज्याने माझा माणूस वाचवला त्याला घोंगडीत बांधून बाहेर काढणार का, असं तिने विचारलं. मी घोंगडी पुन्हा सोडली. तेव्हा यंत्र राहतंय.

ता.क. ३. खरं काम आता सांगतो. त्या कारागिराचं नाव आणि त्याच्या घरच्यांचा पत्ता कुठूनही मिळवून कळव. काकांच्या जुन्या डायरीत असेल. वरचं एवढं लांबलचक पत्र मी चुकीच्या घरी लिहिलं असं दिसतंय. त्यांचा माणूस कुठे असतो, काय करतो, हे त्यांना कुणीतरी कळवायला हवं.