शेवटची होडी

सूनबाई,

शीड शोधत बसू नकोस, मी पडद्यांच्या दुकानात नेलंय. घरच्या मशीनवर ती शिवण टिकायची नाही. जाड पडद्यांच्या मशीनवर दुहेरी टीप मारून आणते.

काल तुमच्या क्लबच्या होड्या सफरीवरून परत आल्या तेव्हा मी धक्क्यावरच होते. तू सगळ्यांच्या मागे! माझं डोकंच फिरलं. शेजारणीला म्हटलं, "सासऱ्याची एवढी चांगली होडी मिळाली, पण हिला साधं पुढे जाता येत नाही." तुमच्या क्लबचे ते डॉक्टर पहिल्या होडीतून उतरले होते, त्यांनी ऐकलं. म्हणाले, "मावशी, शेवटची होडी आम्ही सगळ्यात पक्क्या हाताला देतो. तिने कुणाला मागे टाकायचं नसतं. आज एक होडी उलटली, तर दोघांना हिनेच वर काढलं. शीड त्यात फाटलं."

आणि तू घरी येऊन एवढंच म्हणालीस, "जरा उसवलंय."

तुझ्या सासऱ्यांना हे जमलं नसतं हो. ते कायम सगळ्यांच्या पुढे. मागे कोण राहिलं, ते कधी वळून बघितलं नाही.

भाजी ओट्यावर झाकून ठेवली आहे. खांद्याला शेक घे, उगाच शूरपणा नको.

दुपारी एक माणूस होडी बघायला येईल. त्याला चहा दे आणि होडी विकायची नाही म्हणून सांग. मीच बोलावलं होतं त्याला.

आई