कुठे टोचतंय का?

२ जानेवारी
रिपोर्ट आला. शुगर आहे. म्हणजे सगळ्यांनाच असते, मला जरा जास्त आहे. डॉक्टरबाईंनी गोळ्या, पथ्य, चालणं, योगासनं, सगळंच लिहून दिलं. वर म्हणाल्या, रोज स्वतःचे तळपाय तपासा. हे मला सांगतात! माझं बुटांचं दुकान आहे. तीस वर्षं लोकांचे पायच बघतोय, तोंडं लक्षात राहत नाहीत.

तळपायांची आग होते, हे हिने मध्येच सांगून टाकलं. झालं! बाईंनी मला डोळे मिटायला लावले आणि तळव्याला बारीक दोरा टेकवून कळतंय का विचारू लागल्या. मी प्रत्येक वेळी ठणकावून हो म्हणालो. एकदा म्हणाल्या, अजून टेकवलाच नाही. असल्या युक्त्या डॉक्टरांना शोभत नाहीत.

बाबांनाही शुगर होती. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. मग त्यांच्या नव्या जोडातला उजवा बूट दुकानात तसाच पडून राहिला. मला भीती वाटते. हे एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही.

संकल्प: तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. रिपोर्ट बघून बाईंनी तोंडात बोटं घातली पाहिजेत.

५ जानेवारी, सकाळ
चालणं सुरू. बाईंनी मऊ, रुंद बूट घ्यायला सांगितलेत. मऊ बूट पोराटोरांनी घालावेत. मी माझा तपकिरी चामड्याचा जोड काढला, स्वतःच्या हातांनी शिवलेला. कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. कोपऱ्यावर बेकरी आहे, यात माझा काय दोष?

९ जानेवारी
पथ्य कडक. बटाटा बंद, पाव अर्धा, साखरेचा डबाच गायब. ताटात काकडी. काकडीशी माझं वैर नाही, पण रोज तोंड बघावं इतकी ओळखही नाही. ही पण माझ्यासोबत तेच खाते. तिला आवडत असावं.

बिस्किटांचा पुडा दुकानात हलवला. अकरा नंबरच्या खोक्यात. इथे अकरा नंबर कोणी मागत नाही, त्यामुळे खोका सुरक्षित. एका वेळी दोनच खायची. वेळा किती, हे अजून ठरवलेलं नाही.

१४ जानेवारी
लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये योगवर्ग. शिकवणाऱ्याच्या अंगात हाडंच नाहीत. मी त्याला मनातल्या मनात रबर म्हणतो. आज वृक्षासन. एका पायावर झाड झालो आणि शेजारच्या, पोस्टातल्या बाईंवर उन्मळून पडलो. फरशीला उतार आहे. घरी सांगितलं तर ही म्हणाली, नाचता येईना... पुढचं मी ऐकून घेतलं नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवण्यासारखी. रबर म्हणाला, पायाखालची जमीन जाणवू द्या. मला जमीन नाही, कापूस जाणवला. मऊ, जाड कापूस. नंतर इतरांना विचारलं. कोणाच्याच पायाखाली कापूस नव्हता. इतक्या लवकर इथवर पोचलेला मी एकटाच दिसतोय.

३ फेब्रुवारी
आग थांबली! तळपाय अगदी शांत. मुंग्या नाहीत, चटके नाहीत, काही म्हणजे काही नाही. हिला सांगितलं. वाटलं नाचेल. तर म्हणते, डॉक्टरांना विचारूया. हिला चांगली बातमी पचतच नाही.

मेहुण्याचा फोन. त्याचं मत, गोळ्या म्हणजे कुबड्या. त्याच्या ऑफिसातल्या कोणीतरी नुसत्या प्राणायामावर शुगर पळवून लावली. ही त्याला उंटावरचा शहाणा म्हणते. सख्खा भाऊ आहे तिचा! मेहुणा फर्निचर विकतो, पण वाचन दांडगं.

आजपासून गोळ्या बंद. हिच्यासमोर हातात घ्यायची, तिची पाठ वळली की खिशात, आणि दुकानात गेलं की अकरा नंबरच्या खोक्यात. खोटं बोलतोय असं नाही. निकाल लागला की सांगणारच आहे.

२० फेब्रुवारी
उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला. आपला हात जगन्नाथ. बारीक खिळे काढले, ठोकले, पाच मिनिटांत काम फत्ते.

बाबांनी दुकानाला एक नियम घालून दिलाय. बूट गिऱ्हाइकाला देण्याआधी आत हात घालायचा, बोटं पार टोकापर्यंत फिरवायची. मग पायात चढवून विचारायचं, कुठे टोचतंय का? आजवर एकही जोड हात घातल्याशिवाय मी दिलेला नाही. पण हा माझाच जोड, कामही माझंच. स्वतःच्या बुटात कोण हात घालतं? घालून थेट नदीपर्यंत चाललो. कुठे काही टोचलं नाही. हातात कसब आहे अजून.

२६ फेब्रुवारी
उजव्या मोज्याला लाल डाग. हिने लाल टॉवेलबरोबर धुतला असणार. ही म्हणाली, आपल्या घरात लाल टॉवेल नाही. मग डाग आला कुठून? वाद. मोजा मीच फेकून दिला.

२ मार्च
दुकानात वास येतोय. नव्या मालाचं चामडं नीट कमावलेलं नाही. व्यापाऱ्याला फोनवर झापलं. तो म्हणाला, नवा माल अजून पाठवलेलाच नाही. म्हणजे जुना माल. घरीही वास येतो. कपड्यांना लागला असेल.

पँट सैल झालीय! योग भिनतोय अंगात. तहान मात्र फार लागते.

५ मार्च
ताप. थंडी वाजते. मेहुणा म्हणतो, शरीर विष बाहेर टाकतंय, अडवू नका. मी कुठे अडवतोय? पडून आहे. दुकानात ही बसतेय.

७ मार्च
आज अकरा नंबरचं गिऱ्हाईक आलं. तीस वर्षांत आलं नव्हतं, ते नेमकं आज. उंच, भला माणूस होता म्हणे. हिने फळीवरून खोका काढला, त्याच्यासमोर उघडला. आत बिस्किटं आणि महिन्याभराच्या गोळ्या.

दुपारीच दुकान बंद करून आली. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. ओरडली नाही. पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, दोन महिने मी तुमच्यासोबत काकडी चावतेय, चहात साखर घातलेली नाही, तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून. मी मेहुण्याचं म्हणणं समजावून सांगायला लागलो. ती उठली आणि दारातले माझे बूट बाजूला ठेवायला उचलले. दुकानात बसून बसून तिलाही ती सवय लागलीय. उजव्या बुटात हात घातला आणि किंचाळली.

बोटातून रक्त. मी विचारलं, काय झालं? ती खाली बसली, माझा पाय मांडीवर घेतला आणि मोजा सोलून काढला. मी तळवा बघितला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. काय दिसलं ते लिहीत नाही.

तिला एका क्षणात कळलं. मी त्या खिळ्यावरून नदीपर्यंत जाऊन आलो होतो.

११ मार्च, हॉस्पिटल
उजव्या पायाचा अंगठा काढला. पाय वाचला म्हणतात. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, आग थांबली नव्हती, तुमची जाणीव थांबली होती. योग चांगलाच, चालणंही चांगलंच, पण गोळ्यांसोबत. गोळ्यांच्या जागी नाही.

म्हणजे कापूस तो हाच.

रबर भेटायला आला होता. खुर्चीत बसून करायची आसनं असतात म्हणाला. मेहुण्याचा फोन लागत नाही.

ही बाहेरच्या बाकावर झोपलीय. मी बाबांच्या त्या बुटाचा विचार करतोय. मला भीती वाटते. दुसऱ्यांदा लिहिलं.

२ एप्रिल
आजच तपासणी ठरली होती. शुगर उतरतेय. गोळ्या ही हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत हलत नाही. बाईंनी तोंडात बोटं घातली नाहीत, पण ठीक आहे म्हणाल्या.

संध्याकाळी पहिल्यांदा दुकानात गेलो. गल्ल्यामागे जायला लागलो तर हिने मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. मऊ, रुंद जोड काढला. तोच, पोराटोरांचा. माझ्यासमोर स्टुलावर बसली. डाव्या बुटात हात घातला, बोटं टोकापर्यंत फिरवली. मग उजव्यात. उजव्याच्या टोकाला, जिथे आता काही नाही, तिथे थोडा कापूस भरला. बूट पायात चढवला, लेस बांधली, वर बघून विचारलं, कुठे टोचतंय का?

सवयीने ठणकावून नाही म्हणणार होतो.

मग खरं ते सांगितलं. म्हणालो, मला कळत नाही.