सात दहाची गोळी

सोलापूर,
गुरुवार, १२ मार्च २०२६

तीर्थरूप पार्वतम्मा अक्का यांस,
चनबसप्पाचे शरणु शरणार्थी.

तुमचे गुडघे बरे असतील असं धरून चालतो. इथे ऊन आत्ताच चाळीसच्या घरात गेलं आहे, अक्कलकोटातही तसंच असणार.

आधी या हातांनी काय काय केलं ते लिहितो, कारण पुढचं वाचल्यावर तुम्ही ते मानणार नाही. शेंगाचटणी कुटायची यंत्रं अकरा, त्यातली नऊ अजून चालू. टॉवेलच्या मागांची दातेरी चाकं किती पाडून दिली त्याची मोजदाद नाही. घराची दारं, खिडक्या, दोन कपाटं. कडक भाकऱ्या वाळवायच्या चार मजली जाळ्या. तुमच्या बहिणीसाठी उभ्याने भाकरी करायची शेगडी, तिच्या कोपरापासून बरोबर चार बोटं खाली, म्हणजे कंबरेत वाकायला नको. सातवी नापास माणसाने केलं, कुणाच्या हाताखाली न राहता. आणि नोव्हेंबरात एक सागवानी डबा केला. त्याचं पुढे येईल.

तुमची बहीण सोमवारपासून दवाखान्यात आहे. शुद्धीवर आहे. हे सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं, कळतं मला.

फोन केले. माझा नंबर बघून तुम्ही उचलत नाही, त्यात तुमची चूक नाही. दुसऱ्याच्या फोनवरून लावता आला असता, पण तुमचा आवाज ऐकल्यावर यातलं एक अक्षर मला बोलता आलं नसतं. बायकांच्या गोष्टी आहेत. उद्या तुमचा मल्लिनाथ दुकानाचा माल न्यायला इथे येईल, त्याच्या हाती हे पाकीट देतो, संध्याकाळी तुम्हाला मिळेल. त्याला फक्त "मावशीला बरं नाही" एवढंच सांगणार आहे.

आमच्या शिवानीच्या कुबशाला, म्हणजे डोहाळजेवणाला, विजापुरात तुम्ही सगळ्यांसमोर तुमच्या बहिणीचा हात धरून नखं बघितलीत. म्हणालात, "चनबसप्पा, हिच्या नखाला रंग न्हाय की. पोरीचं रक्त तपासून आणता, तिच्या आईचं कोण तपासणार?" मी म्हणालो, "माझ्या घरातली तपासणी मी करतो. तुमी तुमच्या घरातलं बघा." व्याही ऐकत होते. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात आणि दुपारच्याच गाडीने निघालात. परत येताना तुमची बहीण सोलापूर येईपर्यंत बोलली नाही. मला वाटलं, रागावली आहे. आता कळतं, तिच्यात बोलायचंही बळ नव्हतं.

सोमवारी सकाळी गिऱ्हाइकांच्या चौसष्ट भाकऱ्या झाल्या होत्या. पासष्टावी तव्यावर होती. पडताना आधारासाठी तिने तव्याच्या कडेला हात लावला, उजवा तळवा भाजला आहे, तो भरून येईल. मी पलीकडच्या खोलीत कानस घासत होतो. आवाज झाला तेव्हा मला वाटलं पिठाचा डबा पडला. "काय पाडलंस गं?" असं ओरडून मी दोन हात आणखी घासले, अक्का. मग उठलो.

दवाखान्यात तिचं रक्त ४.८ भरलं. बाईमाणसाला बारा लागतं. डॉक्टरीण बाई शिवानीच्या वयाच्या आहेत. त्यांनी विचारलं, "पाळीचं काय?" मी म्हणालो, "वय झालं, जायला आलीय." "शेवटची कधी आली?" मला सांगता येईना. तुमची बहीण डोळे मिटूनच म्हणाली, "अजून चालूच हाय. एकवीस दिस झालं."

एकवीस दिवस. माझ्या दुकानात प्रत्येक यंत्राला तेल कधी घातलं ती तारीख भिंतीवर लिहिलेली असते.

मला कळलं कसं नाही, यावर तीन दिवस विचार केला आहे. आपल्यात विटाळ मानत नाहीत. गळ्यात लिंग असलेल्या बाईला कसला विटाळ? पाळीत तिने लिंगपूजा केली, स्वयंपाक केला, भाकऱ्या थापल्या, सव्वीस वर्षं. शेजारचा जोतिराम, त्याची बायको चार दिवस बाजूला बसते आणि तो पाणी भरतो. मी त्याला चिडवायचो, "काय जोतिबा, आज घागर तुझ्याकडं का? आमच्यात असलं न्हाय बाबा." मला आपल्या या रीतीचा लई अभिमान. पण अक्का, जोतिरामला पाचव्या दिवशी घागरीचा कंटाळा येतो, तो बायकोला विचारतो, "अजून किती?" मला कधी घागर उचलावीच लागली नाही. माझ्या घरात चार दिवसांचे चौदा झाले, चौदाचे एकवीस झाले, आणि चहा सातलाच येत राहिला. आपल्या धर्माने तिला बाजूला बसवलं नाही. मी तिला बसूच दिलं नाही.

तिने काहीच सांगितलं नाही असं नाही. गेल्या श्रावणापासून दोन महिने पाळी आलीच नाही, मग आली ती तेरा दिवस. तेव्हा म्हणाली होती, "गाठी पडायल्यात. एवढं कधी जात नव्हतं." मी म्हणालो, जाण्याआधी असं होतंच, सगळ्यांना होतं. हे मी कुठे ऐकलं होतं? कुठेच नाही. बोलण्यात चालतं म्हणून बोललो. अंगातून वाफा निघतात म्हणाली, तर शेगडीसमोर उभी आहेस, वाफा निघणारच, म्हणालो. जिना चढताना मधे बसायची. एकदा पिठाच्या डब्यामागे मला पाटीवरच्या पेन्सिलींचा खोका सापडला, अर्धा रिकामा. मी हसलो. "या वयात शाळेत नाव घातलंस काय?" तीही हसली. डॉक्टरीण बाईंनी परवा तिला विचारलं, "माती, खडू, पेन्सिल, असलं काही खावंसं वाटतं का?" रक्तातलं लोह संपलं की माणसाला तसं खावंसं वाटतं म्हणे. तिने माझ्याकडे न बघता मान हलवली.

आता डबा. तिला अशक्तपणा आहे हे मी नोव्हेंबरात मान्य केलं. मोबाइलवर पंधरा दिवस वाचलं. लोह पाहिजे, हाडांना कॅल्शियम पाहिजे. औषधाच्या दुकानातून दोन्ही आणलं आणि तीस घरांचा डबा केला, अकरा इंच बाय नऊ, वर सरकती काच, घरावर आकडा कोरलेला. प्रत्येक घरात एक लोहाची, एक कॅल्शियमची. रिकाम्या पोटी तिला मळमळायचं, म्हणून सकाळी सात दहाला, चहाबरोबर. मी स्वतः समोर उभा राहायचो. एकशे नऊ सकाळी, एकही चुकली नाही.

हे मी डॉक्टरीण बाईंना सांगितलं, जरा ताठ मानेनेच सांगितलं.

त्या म्हणाल्या, "काका, लोहाची गोळी चहाबरोबर? आणि त्याच घोटाला कॅल्शियम? दोन्ही लोहाला अंगी लागू देत नाहीत."

"वेळ कधी चुकवली नाही," मी म्हणालो.

"तेच तर. तुम्ही काय, औषधाच्या दुकानात असता?"

"फिटर आहे."

"मग फिटरला सांगते. टाकी खालून गळतेय आणि तुम्ही वरून चमच्याने भरताय, तोही चमचा भोकाचा. गळती कुठे आहे ते आधी बघायचं नव्हतं?"

पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांना मी हेच ऐकवत आलो.

बी-बारा नाही, ड जीवनसत्त्व नऊ, पाहिजे तीस. सोलापूरचं एवढं ऊन, आणि नऊ! पहाटेपासून दुपारपर्यंत ती शेगडीसमोर, छपराखाली. दही, ताक, सायीचं दूध माझ्या ताटात. तिच्या ताटात काय असायचं ते बाईंनी विचारलं तेव्हा मला आठवेना. मी तिला जेवताना बघितलंच नाही. मोडलेल्या भाकऱ्या गिऱ्हाइकाला देता येत नाहीत, त्या ती खायची, एवढं माहीत आहे.

दोन बाटल्या रक्त चढलं, तिसरी आज. गर्भाशयात गाठ आहे, आतलं अस्तर जाड झालं आहे. अस्तराचा तुकडा काढून तपासायचा, त्यात वाईट काही निघालं नाही तर ठीक, निघालं तर पुढचं पुढे. गर्भाशय काढावंही लागेल. उशीर केलात, असं बाई दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत, माझ्याकडे बघून थांबल्या.

तुकडा काढायच्या संमतीच्या कागदावर सही तिची पाहिजे. ती करत नाही.

काल मी मोसंबी सोलून फोडी ताटलीत मांडल्या. तिला उशी उंच पाहिजे म्हणून पुठ्ठ्याची उतार केलेली पाठ करून आणली होती, ती खाली सरकवायला लागलो. तिने हात वर केला. "साकू," म्हणाली. रागावली की ती कानडीतच बोलते. म्हणजे पुरे. मग मराठीत, हळू, मला नीट कळावं म्हणून: "तुमी आता काय बी करू नका."

मी ताटली खाली ठेवली. अक्का, आयुष्यभर मला लोकांनी एकच गोष्ट सांगितली, चनबसप्पा हे करून दे. करू नका असं कुणी म्हटलं नव्हतं. तेव्हापासून पायथ्याशी स्टुलावर बसतो. हात मांडीवर ठेवतो. त्यांचं काय करायचं ते कळत नाही.

संध्याकाळी ती एवढंच बोलली, "अक्का आली तर सही करीन." आणि शिवानीला कळवायचं नाही, आठवा चालू आहे, तिने माझ्याकडून लिंगावर हात ठेवून वचन घेतलं. पुढच्या महिन्यात लेकीला बाळंतपणाला घरी आणायचं होतं. आता कोण आणणार, कोण करणार, मी विचार करत नाही.

तुम्ही या. उद्या पत्र वाचाल, परवा सकाळच्या पहिल्या गाडीने या. मी समोर नको असेन तर मी बाहेर फाटकापाशी थांबेन. पाकिटात दवाखान्याचं कार्ड ठेवलं आहे, त्यावर पत्ता आहे. बायकांची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, खाट सहावी, नाव सुंदरम्मा लिहिलेलं आहे. शिव्या द्यायच्या असतील त्या सगळ्या द्या, पण सहीनंतर द्या. तुम्ही आलात तरी ती बरी होईल असं मला वाटत नाही, खोटं कशाला लिहू. पण तुम्ही आला नाहीत तर ती सही करणार नाही, हे मला नक्की माहीत आहे.

तुमच्या बहिणीचा नवरा,
चनबसप्पा

ता. क. एक गोष्ट मुद्दाम ठेवली होती. पाकीट चिकटवलं आणि पुन्हा फाडलं. तुम्हाला ती सांगेल किंवा सांगणार नाही, म्हणून मीच लिहितो.

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, तुमची बहीण दुकानात आली आणि माझ्या पुढ्यात रुमालाची पुरचुंडी ठेवली. बायकांच्या डॉक्टरकडे एकटी जाऊन खिडकीवर विचारून आली होती. तपासणीची फी, रक्त, सोनोग्राफी, सगळं मिळून किती, ते तिने आकड्यासकट पाठ केलं होतं. म्हणाली, "हे माझं भाकरीचं पैसं हायेत. दुपारी चला माझ्यासंगं. आत काय बोलायचं ते मला एकटीला सुधरत न्हाय." मी हातातलं काम सोडलं नाही. म्हणालो, बायकोच्या भाकरीच्या पैशावर मी दवाखान्याची पायरी चढणार नाही, माझे आले की नेईन. तिने पुरचुंडी उचलली, गाठ पुन्हा घट्ट केली आणि शेगडीकडे गेली.

दोन हजार तीनशे पन्नास रुपये होते.