काळ्या कापडाची घडी

बुधवार, ९ जानेवारी

निघालो एकदाचे! पहाटे आयव्हरी कोस्टमधल्या सासान्द्राचा किनारा सोडला तेव्हा वाळूत उभे असलेले आमचेच घानाचे फान्टी कोळी मला हसत होते. बायका लॉरीनं घरी जातात, होडीनं नाही. एकानं एकोवला विचारलं, लग्न केलंस की तांडेल नेमलास? एकोव म्हणाला, इंजिन तिचं आहे बाबा, मला बरोबर घेतलं हेच खूप झालं. सगळे हसले, मीही हसले. खोटं नाही ते. बारा वर्षं चुलींच्या धुरात डोळे घालवून, मासे धुरावून विकून मी हे इंजिन घेतलं. ते जाईल तिथं मी जाणार.

एकोवशी लग्न होऊन तीन महिने झाले, पण त्याच्या होडीत पाय आजच ठेवला. लहानशी आहे, दोघांना पुरे. पुढे शीड गुंडाळून ठेवलंय. मध्ये केंकेचे, आंबवलेल्या मक्याचे उंडे, सुकी मासळी, मिरचीची बाटली, पाण्याचे डबे. माझ्या बोचक्यात मोलाच्या वस्तू तीनच. ही वही, इंजिनाची माहितीपुस्तिका आणि काळं कापड.

कापडाचं लिहून ठेवते. माझा पहिला नवरा कोबिना दोन वर्षांपूर्वी दर्यात गेला. मंगळवारी गेला. मंगळवारी आमच्यात कुणी होडी काढत नाही. तो दिवस दर्याचा, आणि दर्यानं ठेवून घेतलेल्यांचा. कोबिनाचं जाळं आदल्या दिवशी पाण्यात राहिलं होतं. म्हणाला, नुसतं जाळं काढायला जातोय, मासे धरायला थोडाच? बुधवारी होडी सापडली. हेच इंजिन वर उचलून ठेवलेलं, जेवणाचं भांडं धुऊन पालथं घातलेलं. तो नव्हता.

वर्ष सरलं की विधवेला दर्यावर नेऊन न्हाऊ घालतात, तिचं काळं कापड पाण्यात सोडतात. मग मेलेल्याची वाट मोकळी आणि बाईचीही. मी न्हायले नाही. ज्याला मेलेला पाहिला नाही त्याला जा म्हणून कसं सांगू, असं सगळ्यांच्या तोंडावर विचारलं आणि इंजिन घेऊन सासान्द्राला निघून आले.

आता कोबिनाची बहीण एफुआ फोनवर म्हणते, न न्हाताच दुसरा केलास, म्हणजे तू अजून दोघांची बायको आहेस. शनिवारी, एकोणीस तारखेला, गावी अनोमाबोला ये आणि न्हाऊन मोकळी हो. नाहीतर तो तुझ्या नव्या नवऱ्याला राहू देणार नाही. मला धमक्या आवडत नाहीत. पण एकोव आवडतो. म्हणून चालले आहे.

गुरुवार, १० जानेवारी

ग्रां-लाऊच्या अलीकडे इंजिन बंद पडलं. मी पुस्तिका काढली. वाचायला मी मासे बांधायच्या वर्तमानपत्रांवर शिकले, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं पहिलं पुस्तक हेच. एकोव मला डॉक्टरीणबाई म्हणतो आणि हातात पाना घेऊन कंपाउंडरासारखा उभा राहतो. प्लग काढला तर स्वच्छ. तेलाची गाळणी स्वच्छ. काही न करता परत बसवलं आणि दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला सुरू झालं.

कोबिनालाही तीन ओढी लागायच्या. पहिल्या दोन तो नुसता इंजिनाशी बोलत ओढायचा.

किनाऱ्यावर लाटा फार फुटत होत्या, म्हणून बाहेरच नांगर टाकून होडीत झोपतो आहोत.

शुक्रवार, ११ जानेवारी

सकाळी उठले तर इंजिन वर उचललेलं. पंखा पाण्याबाहेर, तिरका. एकोवला वाटलं मी उचललं. मला वाटलं त्यानं. दोघांनी एकमेकांना वेड्यात काढलं आणि निघालो.

दुपारी पोर्ट-बुएला एका मिस्त्रीला दाखवलं. त्यानं सगळं उघडलं, सगळं बंद केलं, म्हणाला काही बिघाड नाही. पैसेही घेतले नाहीत. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, ताई, इंजिन इथंच विका आणि बसनं जा. मी म्हटलं, तुझ्या बापाचं आहे का? आपली अक्कल आपल्यापाशी ठेव. मग वाईट वाटलं. बिचारा चांगल्या मनानं सांगत होता.

एकोवनं हिशेब मांडलाय. सोमवारी संध्याकाळी सेकोंडी बंदर. मंगळवार जमिनीवर, खाऊन-पिऊन आराम. गुरुवारी घर.

रविवार, १३ जानेवारी

घानाची हद्द ओलांडली. हाफ असिनीच्या किनाऱ्यावर आपली भाषा ऐकून बरं वाटलं. वाळवंटाकडची धूळ उतरायला लागली आहे. सूर्य चंद्रासारखा पांढरा दिसतो, ओठ फुटतात.

इंजिन आज चार वेळा बंद पडलं. आणि एक गोष्ट. एकोव जेवून वाकून पाणी प्यायला, वळला, तेवढ्यात त्याचं भांडं धुतलेलं आणि पालथं. भांडं धुणाऱ्यांपैकी एकोव नाही. मी तर जागची हलले नव्हते.

मग त्याला सगळं सांगितलं. इंजिन कोण तिरकं करायचं, भांडं कोण पालथं घालायचं. त्यानं ते पालथं भांडं उचलून उलटसुलट पाहिलं. मग इंजिनाकडे बघून म्हणाला, दादा, घासतोच आहेस तर कालचंही घास. मला हसू आवरेना. असा माणूस मी कुणाला देणार नाही. कुणालाच नाही.

पण त्यानंतर तो इंजिनाकडे पाठ करून एकदाही बसला नाही.

सोमवार, १४ जानेवारी

केप थ्री पॉइंट्सला वळसा घातला आणि दुपारी दोनला इंजिन बंद पडलं. तीस वेळा दोरी ओढली. हाताची सालं निघाली. एकोव ओढतो, मी ओढते. पुस्तिकेत बंद पडण्याची अकरा कारणं दिली आहेत. अकराही तपासली.

वारा नाही. शीड ओल्या चादरीसारखं लोंबतंय. प्रवाह पूर्वेला नेतोय, म्हणजे घराकडेच, पण जमिनीपासून लांबून. धुळीत किनारा दिसत नाही. नांगर टाकला तर दोर संपला, तळ लागला नाही.

पाच वाजले. उद्या मंगळवार. एकोव म्हणतो, आपण काही जाळं टाकत नाही, नुसते घरी जातोय.

कोबिनाही असंच म्हणाला होता. हे मी त्याला सांगितलं नाही.

मंगळवार, १५ जानेवारी. सकाळ

उजाडलं. पाणी तेलासारखं गुळगुळीत. एकही होडी नाही, एकही पक्षी नाही. आपले सगळे लोक आज वाळूत बसून जाळी शिवत असतील.

इंजिन वर उचललेलं. मी खाली केलं. पाणी प्यायला वळले. परत वर.

मी मोठ्यानं सांगितलं, कोबिना, हे इंजिन माझं आहे, हात लावू नकोस. एकोव म्हणाला, ओरडू नकोस गं. मी म्हटलं, बारा वर्षं त्याच्यावर ओरडले, आज काय लाजू?

अकरा वाजता

गाणं ऐकू येतंय. जाळं ओढतानाचं. एक सांगतो, बाकीचे उत्तर देतात आणि ओढतात. खूप माणसं आहेत. आवाज दक्षिणेकडून येतोय. दक्षिणेला किनारा नाही, काहीच नाही.

उत्तर देणाऱ्यांत एक आवाज सगळ्यांच्या मागून येतो, दर वेळी, जरासा उशिरा. अनोमाबोत सगळे त्याला त्यावरून चिडवायचे. मी लग्न केलं ते त्या उशिरा येणाऱ्या आवाजाशी.

दोन वर्षांत आज पहिल्यांदा रडले. मग डोळे पुसले.

बारा

एकोव उत्तर द्यायला लागला. त्याचं त्याला कळत नव्हतं. डोळे उघडे, ओठ हलतायत, हात नसलेला दोर ओढतायत, आणि प्रत्येक ओढीला तो काठाकडे सरकतोय. मी त्याच्या तोंडात मारली. दोनदा. तो म्हणाला, का मारतेस? मी त्याच्या कमरेला नांगराचा दोर बांधला. दुसरं टोक माझ्या कमरेला.

शनिवार लांब आहे. मी थांबणार नाही. मला न्हायला एफुआ कशाला हवी? दर्या इथंही आहे.

साडेबारा

न्हायले. काळं कापड अंगाला गुंडाळून होडीच्या मध्यावर बसले आणि पाणी उपसायच्या डब्यानं डोक्यावर तीनदा दर्या ओतला. म्हटलं, कोबिना, तू माझा नवरा होतास. चांगला होतास. तुझ्यासाठी मी दोन वर्षं हे काळं बाळगलं. आता आपलं संपलं. तू जा. या माणसाला हात लावायचा नाही.

कापड पाण्यात सोडलं. ते तरंगलं नाही, वाहूनही गेलं नाही. पाण्याखाली गेलं, सावकाश, एकेक कोपरा, कुणी घडी घालावी तसं.

गाणं थांबलं नाही.

मग मला वाटलं, रिकाम्या हातानं तो कसा जाईल? इंजिनाचे स्क्रू सोडवले. एकोव म्हणाला, अराबा, अगं ते आपलं पोट आहे. मी म्हटलं, पोट पुन्हा भरता येईल. दोघांनी मिळून ढकललं. बुडबुडे आले. गेलं.

गाणं थांबलं.

दोन वाजता

वारा! शीड भरलं. धूळ विरळ होतेय. धुरावलेल्या माशांचा वास आला, जमिनीचा वास. समोर पांढरा दिसतोय तो एल्मिनाचा किल्लाच, घराच्या अलीकडचा. एकोव मागे वल्हं मारतोय आणि मला म्हणतो, इंजिन नसलेल्या बाईशी मी लग्न केलं नव्हतं हो. मी म्हटलं, मग उतर इथंच. हसतोय तो. हसू दे.

आम्ही घरी जातोय. हे मी मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

थोड्या वेळानं

खालून आवाज आला. होडीच्या तळाखालून, खोल.

दोरी ओढल्याचा. एकदा.

दुसऱ्यांदा.

तिसऱ्या ओढीला सुरू झालं.

माझंच इंजिन आहे. मी त्याचा आवाज हजारांत ओळखीन. पाण्याखाली चालतंय, आमच्या मागे, बरोबर आमच्या वेगानं. एकोवला म्हटलं, मागे बघू नकोस, वल्हं मार. किल्ल्याच्या खिडक्या मोजता येतायत. सोळा. सतरा.

मी घाबरले नाही. घाबरले आहे, पण ऐकणार नाही त्याचं—

आवाज बंद झाला. पोचला की तो इंजिन बंद करतो, वर उचलतो—

होडीच्या काठावर हात. माझ्या बाजूला. ओळखते मी तो हात. मी दुसरं वल्हं उगारलं, पण तो ओढत नाहीये मला. तो काही देतोय.

काळं कापड. घडी घातलेलं. कोरडं.

परत देतोय. मी म्हटलं, मी न्हायले, मी आता कुणाची विधवा नाही, मला ते कशाला? तो हात मागे घेत नाही. पुढेच करतोय, अजून पुढे, मला ते पुन्हा लागणार असल्यासारखं—

नाही घेणार. एक हात वहीवर, दुसऱ्यात पेन्सिल. घेणारच नाही. ऐकतोस का, कोबिना, माझा नवरा मागे बसलाय, वल्हं मारतो—

एकोवकडे जाणारा कमरेचा दोर सैल का झा—